दऱ्या आणि दर्या

"अरे, आईच्या ओव्यांत समुद्र कुठून आला?"

रविवारची सकाळ होती. मी दुसरा चहा घेऊन नुकताच टेबलापाशीं बसलों होतों, आणि टेलिफोनवर आक्कानें एकदम हा प्रश्न विचारला. आक्का माझ्यापेक्षां आठ वर्षांनीं वडील आहे, आणि तिच्या प्रश्नांना प्रस्तावना नसते.

"कसला समुद्र?" मीं विचारलें.

"तूं पाठवलेलीं पानं वाचतेय. माहेरच्या वाटेची ओवी आहे ना, तिथं तूं 'दर्या' लिहिलं आहेस. आई जन्मांत कधीं वरंध्याचा घाट उतरली नाहीं. तिच्या वाटेवर दर्या कुठला यायला?"

हा तुझ्या चष्म्याचा दोष, असें मीं तिला मोठ्या विश्वासानें सांगितलें. तो विश्वास अगदींच निराधार होता असें नाहीं. ती ओवी मींच वहींतून संगणकावर उतरविली होती. 'दऱ्या' हा शब्द मीं माझ्या बोटांनीं घातला होता आणि पडद्यावर तो नीट उमटलेला माझ्या डोळ्यांनीं पाहिला होता. आक्का म्हणाली, "चष्मा गेल्याच महिन्यांत नवा केला आहे," आणि तिनें टेलिफोन ठेवला.

मीं फाईल उघडली. समुद्र होता!

तो एकाच ठिकाणीं असता, तर बोट चुकलें असें म्हणून मी मोकळा झालों असतों. पण पुढें पाहतों तों 'वाऱ्यावर' चें 'वार्यावर' झालेलें, 'साऱ्या' बायका होत्या त्या 'सार्या' झालेल्या, आणि एका ओवींत तर आईच्या 'नवऱ्याला', म्हणजे प्रत्यक्ष माझ्या वडिलांना, 'नवर्याला' अशा विद्रूप अवस्थेंत उभें केलेलें! तीस वर्षें विद्यार्थ्यांच्या शुद्धलेखनावर तांबडी शाई सांडणाऱ्या प्राध्यापकाच्या फाईलींत हें दृश्य दिसावें, यापरतें दुर्दैव तें कोणतें?

या ओव्यांची हकीकत थोडक्यांत सांगितली पाहिजे. आमची आई जात्यावर ओव्या म्हणत असे. त्यांत अपूर्व असें कांहीं नाहीं; महाराष्ट्रांतल्या खेड्यापाड्यांतून घरोघर बायका म्हणत. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हँ यांनीं अनेक वर्षें खपून अशा ओव्या जमविल्या, त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. आमच्या आईच्या ओव्या त्या संग्रहांत नाहींत. त्या फक्त एका दोनशें पानी वहींत आहेत. १९७७ च्या सुमारास आक्का तेरा-चौदा वर्षांची होती. पहांटे आईच्या समोर बसून ती जात्याचा खुंटा ओढूं लागे, आणि शाळेंत जाण्यापूर्वीं आठवतील तेवढ्या ओव्या वहींत उतरून ठेवी. पुढें गांवांत पिठाची गिरणी आली, जातें कोपऱ्यांत गेलें, आणि वहींत भर पडणें थांबलें. आईला जाऊन आतां अकरा वर्षें झालीं. नातवंडें-पतवंडें पुणें, बंगळूर आणि त्याहूनहि दूर पांगलीं आहेत. त्यांच्यासाठीं या वहीच्या पन्नास प्रती छापून घ्याव्या, असें आम्हीं ठरविलें होतें. मुद्रकाला पुढच्या सोमवारीं मजकूर द्यावयाचा होता, आणि त्यांत दऱ्यांच्या जागीं दर्या पसरला होता.

मी मजकूर लिहितों तो एमॅक्स नांवाच्या एडिटरमध्यें. एडिटर म्हणजे संपादक खरा, पण हा संपादक लेख परत पाठवीत नाहीं, एवढा त्याचा मोठेपणा. पंचवीस वर्षांपूर्वीं गणित शिकविणाऱ्या एका सहकाऱ्यानें मला त्याचा नाद लावला. एमॅक्सचा जन्म १९७६ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेंत झाला. रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील हीं त्याच्या बारशाच्या वेळचीं दोन मुख्य नांवें. आज प्रचारांत असलेला ग्नू एमॅक्स स्टॉलमन यांनीं १९८५ सालीं लोकांपुढें ठेवला. इतक्या वर्षांत संगणकाच्या जगांतलीं कितीतरी राज्यें आलीं आणि गेलीं. पण हा म्हातारा अजून आहे, आणि माझ्यासारखे कांहीं म्हातारे त्याच्या पारावर बसून आहेत.

त्याच्याविषयीं मला सर्वांत अधिक जें आवडतें, तेंच माझ्या फजितीचें मूळ ठरलें. एमॅक्समध्यें 'हुक' नांवाची एक सोय आहे. मी मनांतल्या मनांत तिला खुंटी म्हणतों. जुन्या घरांच्या भिंतींना खुंट्या असत. ओसरीवर पगडी-टोपीची, माजघरांत सोंवळ्याची, देवघरापाशीं जपाच्या माळेची. एमॅक्सच्या दिवसभराच्या कामांत प्रत्येक वळणावर अशी एक खुंटी ठोकलेली आहे. फाईल उघडली कीं एक, ती जतन करण्याच्या अगोदर एक, जतन केल्यावर एक, आणि शेवटीं सगळेंच बंद करतांना आणखी एक. खुंटी रिकामी असेल तर कांहींच घडत नाहीं. पण तिच्यावर आपण एखादी सूचना टांगून ठेवली, कीं तो प्रसंग आला रे आला, ती सूचना आपोआप अमलांत येते. पुन्हां सांगावें लागत नाहीं. किंबहुना पुन्हां सांगावें लागूं नये म्हणूनच ती टांगावयाची. आमच्या घरीं तुळशीला पाणी घातल्यावांचून चहाचें आधण चुलीवर चढत नसे. आई तें कोणाला सांगत नसे आणि कोणी तें विचारीत नसे. तीहि एक खुंटीच होती.

अशी एक सूचना मीं दोन वर्षांपूर्वीं 'बिफोर-सेव्ह-हुक' या, म्हणजे जतन करण्यापूर्वींच्या, खुंटीवर टांगली होती. तिचा हेतु अत्यंत सात्त्विक होता. हल्लीं विद्यार्थी निबंध मोबाईलवर लिहितात. चार ठिकाणचा मजकूर उचलून एकत्र करतात. हें मला आवडत नाहीं, पण तो वेगळा विषय आहे. या उचललेल्या मजकुराबरोबर कांहीं अदृश्य अक्षरेंहि येतात. होय, अदृश्य अक्षरें! जगांतल्या सर्व लिप्यांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या व्यवस्थेंत जशीं क, ख, ग यांना घरें आहेत, तशींच शून्य रुंदीच्या चिन्हांनाहि आहेत. तीं दिसत नाहींत, जागा व्यापीत नाहींत, पण असतात. 'विचार' या शब्दाच्या पोटांत असें एखादें भूत बसलें, कीं आपण 'विचार' शोधावयास सांगितलें तरी यंत्र म्हणतें, असा शब्द येथें नाहीं. डोळ्यांसमोर शब्द आहे आणि यंत्र नाहीं म्हणतें! या प्रकारानें मी इतका चिडलों, कीं एका संध्याकाळीं बसून मीं पांच ओळींची सूचना लिहिली: फाईल जतन करण्यापूर्वीं तिच्या आरंभापासून अखेरपर्यंत जा, क्रमांक २००बी पासून २००डी पर्यंतचें कोणतेंहि अक्षर भेटलें, तर तें पुसून टाक, आणि कोणाला कांहीं बोलूं नकोस.

सूचना उत्तम चालली. फक्त एक उणें होतें: प्रत्येक वेळीं जतन केलें, कीं कर्सर आपली जागा सोडून भलतीकडेच जाऊन बसे. मीं एका जुन्या विद्यार्थ्याला तें दाखविलें. तो हंसून म्हणाला, "सर, ही सूचना सगळी फाईल फिरून येते, पण परत घरीं येत नाहीं." त्यानें 'सेव्ह-एक्सकर्शन' असे दोन शब्द घालून दिले, काम झालें कीं मूळ जागीं परत यावें, असा त्यांचा अर्थ. त्यानंतर कर्सर हलेनासा झाला. आज मागें वळून पाहतांना वाटतें, कीं त्या दिवशीं माझें लक्षण बरें झालें आणि रोग आंत राहिला. कर्सर उडी मारी तोंवर कोणीतरी माझ्या मजकुरांत हात घालतें आहे, याची निदान चाहूल तरी लागत होती. नंतर ती चाहूलहि गेली, आणि मी सूचनेला विसरलों.

आतां त्या तीन अदृश्य चिन्हांची ओळख करून देतों. २००बी ही शून्य रुंदीची मोकळी जागा. २००सी हा वियोजक, म्हणजे दोन अक्षरांना जुळूं न देणारा. आणि २००डी हा जोडक. पहिल्याशीं माझें भांडण रास्त होतें. पण 'पासून-पर्यंत' असें म्हणतांना, एका चोराबरोबर मीं त्याच्या आळींत राहणारे सगळेच बांधून नेले होते. आणि त्यांत तो जोडक होता, ज्याच्यावांचून मराठीचें चालत नाहीं.

मराठी वाचकाला 'र' चीं दोन रूपें शिकवावयास नकोत. 'सूर्य' मधला र डोक्यावर चढून रफार होतो. 'दऱ्या' मधला र आडव्या रेघेसारखा पुढच्या अक्षराला बिलगतो. पहिल्यांत आघात आहे, दुसऱ्यांत नुसता स्पर्श आहे. आचार्यास बोलावणें पाठविलें तर गुरुजी येतील, आणि आचाऱ्यास पाठविलें तर स्वयंपाकी येईल. हा विनोद आम्हांला शाळेंतच शिकविला होता. हिंदीला या दुसऱ्या रूपाची गरज नाहीं. मराठीला पदोपदीं आहे. युनिकोडमध्यें तें दोन रीतींनीं लिहितां येतें. एक रीति म्हणजे ०९३१ या क्रमांकाचा खास, खालीं नुक्ता असलेला 'ऱ' घेऊन त्याला पुढच्या अक्षराशीं जोडणें. दुसरी रीति म्हणजे साधा र, मग हलन्त, मग तो अदृश्य जोडक, मग य. १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीशीं मेळ राहावा म्हणून ही रीति पुढेंहि मान्य ठेवण्यांत आली. माझा कळफलक नेमका या दुसऱ्या रीतीनें लिहीत होता. म्हणजे मी 'दऱ्या' लिहीत होतों तेव्हां पडद्यावर बरोबर 'दऱ्या' उमटत होतें. मी जतन करावयास सांगे. खुंटीवरची सूचना झटक्यानें खालीं उतरे, जोडक पुसून टाकी आणि पुन्हां जागेवर जाऊन बसे. जोडक गेला, कीं र पुन्हां डोक्यावर चढे. तोंवर माझी नजर पुढच्या ओवीवर गेलेली असे.

हें सगळें आज मी सुतासारखें सांगतों आहें. पण त्या रविवारीं यांतलें कांहींच मला ठाऊक नव्हतें. प्रथम मीं टाईपाला दोष दिला, मग कळफलकाला, आणि मग, माणसाच्या स्वभावाला अनुसरून, ज्या प्रोग्रामनें मीं आक्काकडे पानें पाठविलीं त्याला. दोन तास असे गेले. मग त्या जुन्या विद्यार्थ्यानें पूर्वीं एकदां सांगितलेली युक्ति आठवली. "सर, एमॅक्स वेडेपणा करूं लागला, तर तो आधीं 'वजा क्यू' लावून उघडून पाहा." असें केलें, कीं एमॅक्स आपण दिलेली एकहि सूचना न वाचतां, जन्माला आला तसा कोरा उघडतो. मीं त्यांत 'दऱ्या' लिहिलें आणि जतन केलें. दऱ्या तशाच राहिल्या. म्हणजे दोष जगाचा नव्हता. दोष माझ्या सूचनांच्या फाईलींत होता.

त्या फाईलींत सव्वाशें ओळी होत्या, आणि त्यांतल्या निम्म्यांचें प्रयोजन मला आठवेना. अशा वेळीं अर्ध्या-अर्ध्याची रीति वापरतात. अर्धी फाईल झांकून ठेवावयाची, एमॅक्स नव्यानें उघडावयाचा आणि पाहावयाचें. दोष राहिला तर तो उघड्या अर्ध्यांत, गेला तर झांकलेल्या अर्ध्यांत. मग त्या अर्ध्याचें अर्धे. सव्वाशें ओळी सात खेपांत एका ओळीवर येतात. आपल्याकडे भूत कोणत्या झाडावर आहे हें शोधावयास इतकी शिस्तीची पद्धति असती, तर पुष्कळ मांत्रिक उपाशी राहिले असते. सातव्या खेपेला माझ्यापुढें तीच माझी सात्त्विक सूचना उभी राहिली.

मीं लगेच 'पर्यंत' चा शेवट एक घर अलीकडे आणला, म्हणजे जोडक वगळला. आणि माझ्या नेहमींच्या, कित्येक आठवडे बंद न केलेल्या एमॅक्समध्यें ती सुधारलेली सूचना पुन्हां वाचावयास लावली. 'दऱ्या' लिहिलें, जतन केलें. दर्या! सूचनेंत आणखी एक फेरफार केला, पुन्हां वाचावयास लावली. पुन्हां दर्या! त्या क्षणीं पंचविसां वर्षांची मैत्री संपुष्टांत यावयाची, तीच कशीबशी वांचली. मीं शेवटीं खुद्द खुंटीलाच विचारलें, कीं बाई, तुझ्यावर काय काय टांगलें आहे तें सांग. एमॅक्सला असें विचारतां येतें, हा त्याचा फार मोठा गुण. त्यानें यादी दिली. माझ्या त्या कामाच्या तीन सूचना तेथें एकीशेजारी एक टांगलेल्या होत्या: जुनी, सकाळीं सुधारलेली, आणि पुन्हां सुधारलेली!

कारण असें, कीं मीं सूचनेला नांव दिलें नव्हतें. नांव असलेली सूचना पुन्हां टांगूं लागलें, तर एमॅक्स म्हणतो, ही तर आधींच येथें आहे. आणि तिच्यांत आपण सुधारणा केलेली असली, तर त्या नांवामागें सुधारलेलीच सूचना चालते. पण बिननांवाच्या सूचनेला ओळखावयाचें तें केवळ तिच्या शब्दांवरून. शब्द बदलले, कीं ती त्याच्या लेखीं नवीनच कोणी असते. तो तिला टांगतो आणि जुनीलाहि राहूं देतो. जुनीला काढून टाक म्हणावें, तर कोणत्या नांवानें हांक मारून? मीं नवी आज्ञा दिली होती, पण जुनी परत घेतली नव्हती. नवी सूचना जोडकाला हात लावीत नव्हती, आणि तिच्या शेजारची जुनी सूचना इमानानें त्याला पुसून टाकीत होती.

याच एमॅक्समध्यें एक गंमत आहे. प्रत्येक आज्ञेनंतर चालणारी म्हणून एक खुंटी असते. तिच्यावरची सूचना चालतांना अडखळली, तर एमॅक्स तिला स्वतःच खुंटीवरून उतरवून ठेवतो. नाहीं तर कळ दाबावी तितक्या वेळां ती अडखळत राहील. म्हणजे अडखळणाऱ्याला शासन आहे. पण न अडखळतां, चोखपणें, नको तें काम करीत राहणाऱ्याला यंत्राकडे शासन नाहीं; आणि विचार केला तर माणसांकडेहि फारसें नाहीं.

एमॅक्स बंद करून पुन्हां उघडला तेव्हां जुनी सूचना एकदाची गेली. पण गेलेले जोडक परत कसे यावयाचे? माझ्या मनांत प्रथम आलें तें हें, कीं आणखी एक सूचना लिहावी: जेथें जेथें 'र्य' दिसेल तेथें तेथें 'ऱ्य' कर. बोटें कळफलकावर गेलींसुद्धां. मग पहिल्याच पानावरचा सूर्य दिसला. आईच्या ओव्यांत पुष्कळदां सूर्य उगवतो. यंत्राच्या दृष्टीनें 'सूर्य' मधला र आणि बिघडलेल्या 'दर्या' मधला र यांत आतां कांहींच भेद उरला नव्हता. भेद सांगणारी खूण मींच पुसली होती. आतां तो सांगूं शके तें एकच माणूस होतें, आणि तिच्याच चष्म्याला मीं सकाळीं दोष दिला होता.

दुसऱ्या दिवशीं मी वही घेऊन आक्काकडे गेलों. आम्ही दोघें तिच्या स्वयंपाकघरांतल्या टेबलाशीं बसलों. मी एकेक ओवी वाचीत होतों, ती वहीशीं ताडून पाहत होती. बहुतेक ठिकाणीं वहीनें निकाल दिला. पण वहीचीं पानें पिवळीं पडलीं आहेत, कांहीं ठिकाणीं पीठ आणि पाणी यांनीं शाई पसरली आहे. तेथें र डोक्यावर आहे कीं मध्यें, हें कळेना. अशा ठिकाणीं आक्का डोळे मिटी आणि ती ओळ आईच्या चालीवर म्हणून पाही. "हं, इथं जोर नाहीं. नुसतं घासून जायचं," असें म्हणून ती माझ्याकडे पाही, आणि मी 'ऱ्य' लिहीं. सत्तेचाळीस वर्षांपूर्वींच्या त्या अक्षरांतला जो भेद कागदानें टाकला होता आणि यंत्रानें पुसला होता, तो तिच्या गळ्यांत शाबूत होता.

असें चाललें असतां एका पानावर ती थांबली. म्हणाली, "हे मात्र यंत्रानं केलेलं नाहीं."

मीं वांकून पाहिलें. निळ्या शाईंत आक्कानें लिहिलें होतें 'व्हतं'. त्यावर तांबडी रेघ होती, आणि वर बारीक, डौलदार अक्षरांत लिहिलें होतें 'होतें'. खालच्या ओळींत 'पानी' चें 'पाणी' केलेलें. पुढच्या पानावर आणखी चार. तें डौलदार अक्षर मीं ओळखलें. मला आतां तसें लिहितां येत नाहीं.

"तूं पहिल्या वर्षाला पुण्याला गेला होतास ना," आक्का म्हणाली, "त्या दिवाळीच्या सुट्टींतलं आहे हे. तूं वही घेऊन ओसरीवर बसला होतास. आईला कौतुक वाटलं होतं. म्हणाली, लेक माझी गाणी शुद्ध करतोय."

मला तें अंधुक आठवत होतें. पण आक्कानें पुढें जें सांगितलें तें आठवत नव्हतें, कारण तें मला कधीं कळलेंच नव्हतें. त्या सुट्टीनंतर, मी घरीं असतांना, आई ओवी म्हणत नसे. जातें तोंवर थांबलें होतें, पण दळणावांचूनहि ती म्हणे. भांडीं घांसतांना, निवडतांना. मी ओसरीवर आलों, कीं ती थांबे. आक्कानें एकदां तिला कारण विचारलें. आई म्हणाली होती, "तो मधी मधी दुरुस्त करतो गं. मग म्होरलं ध्यानांत येत न्हाई."

मी खरेंच तसें करीत होतों काय? केलें असेल. इंग्रजी शिकावयास गेलेला सतरा वर्षांचा मुलगा घरीं परत येतो, तेव्हां त्याच्या कानावर एक खुंटी बसविलेली असते. आईचा शब्द कानांत शिरण्यापूर्वीं तो आधीं शुद्ध व्हावयाचा आणि मगच आंत जावयाचा. ती खुंटी कोणी बसविली? कांहीं शिक्षकांनीं, कांहीं वसतिगृहांतल्या हंसण्यानें, आणि पुष्कळशी मींच. तिच्यावर टांगलेल्या सूचनेला नांव नव्हतें, म्हणून ती मला कधीं काढतां आली नाहीं. पुढें मीं भाषाशास्त्र वाचलें, बोलीभाषांचा गौरव करणारीं व्याख्यानें दिलीं, प्रत्येक बोलीला स्वतःचें व्याकरण असतें हें वर्गांत दरवर्षीं शिकविलें. ती नवी सूचना होती. जुनी तिच्याच शेजारी टांगलेली होती. आणि परवांपरवांपर्यंत तीच काम करीत होती. कारण वहींतल्या ओव्या संगणकावर उतरवितांना, जेथें निळी आणि तांबडी अशी दोन्ही शाई होती, तेथें मीं क्षणभरहि न थांबतां तांबडीच उतरून घेतली होती. यंत्रानें दऱ्यांचा दर्या केला, याचा मला दिवसभर संताप आला होता. त्याचा हिशेब तर फक्त दोन वर्षांचा होता.

आम्हीं तांबड्या रेघांखालचीं निळीं अक्षरें एकेक करून परत घेतलीं. तीं नीट वाचतां येत होतीं. सतरा वर्षांच्या मुलाला खोडावयाचें होतें, झांकावयाचें नव्हतें. आपण काय सुधारलें तें दिसावें अशीच त्याची इच्छा असावी. माझ्या त्या गर्विष्ठपणाचे मीं पहिल्यांदांच आभार मानले. माझ्या खुंटीवरच्या सूचनेनें मात्र जें पुसलें, त्याखालीं कांहींच ठेवलें नव्हतें.

अदृश्य अक्षरें झाडणारी ती सूचना मीं टाकून दिलेली नाहीं. विद्यार्थी अजून मोबाईलवरच लिहितात. पण आतां तिला नांव आहे. मीं तिचें नांव 'केरसुणी' ठेवलें आहे. ती पहिलें एकच चिन्ह झाडते, पुढच्या दोघांना हात लावीत नाहीं. आणि ती सर्वांच्या खुंटीवर नाहीं. विद्यार्थ्यांच्या निबंधांची फाईल उघडली, तर त्या फाईलीपुरतीच टांगली जाते. काम झालें, कीं किती ठिकाणीं झाडलें तें ती पडद्याच्या तळाशीं एका ओळींत सांगते. घरांत कोण झाडतें आहे आणि काय बाहेर टाकतें आहे, एवढें तरी घरच्यांना कळलें पाहिजे.

सोमवारीं मजकूर मुद्रकाकडे गेला. गुरुवारीं त्यांचा टेलिफोन आला. मुद्रितें तपासणारे गृहस्थ जुन्या वळणाचे, मोठे आस्थेचे आहेत. ते म्हणाले, "सर, आपल्या हातचा मजकूर, म्हणून विचारतों. यांत शुद्धलेखनाच्या पुष्कळ चुका राहिल्या आहेत. 'व्हतं' आहे, 'पानी' आहे, 'न्हाई' आहे. दुरुस्त करून टाकूं कां?"

खोटें कशाला सांगूं, 'हो' हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. तो तेथवर आपोआपच आला होता.

"नको," मीं म्हणालों. "तें तसेंच आहे. फक्त एक बघा: पान बारावर, माहेरच्या वाटेच्या ओवींत, दऱ्याच आहेत ना?"

पानें उलटल्याचा आवाज आला.

"दऱ्याच आहेत, सर," ते म्हणाले.